पाणघोड्याचे बारसे

दर आठवड्याला या पानावर मी एखादा शब्द धरून आणतो, त्याला वाचकांपुढे उभा करतो आणि त्याचे मूळ-कूळ विचारतो. आठवड्याच्या अंकात जागा थोडी, म्हणून शब्दही बेताचेच घ्यावे लागतात. दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला, "या वेळी जरा मोठा शब्द घ्या." मी तो आदेश अक्षरशः पाळायचे ठरवले आहे. दीड-दोन हजार किलो वजनाचा शब्द घेऊन आलो आहे. वाचकांनी कृपा करून थोडे सरकून बसावे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघे राणीच्या बागेत गेलो होतो. या बागेचे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, त्याला कित्येक वर्षे लोटली. पाटीवर नवे नाव आहे. पण "राणीची बाग" असे म्हटल्यावाचून टॅक्सी काही हलत नाही. एकदा चिकटलेले नाव कसे सुटत नाही, याचा धडा मला फाटकाबाहेरच मिळाला होता. तेव्हा तो मला कळला नाही, इतकेच.

पाणघोड्याच्या तळ्याशी गर्दी होती. गर्दी होती म्हणजे माणसांची. पाणघोड्याच्या बाजूने म्हणाल तर हिरवट पाण्यावर दोन नाकपुड्या, दोन डोळे आणि दोन इवलेसे कान, एवढाच ऐवज होता. आमच्या शेजारचे एक गृहस्थ "अहो, दगड आहे तो" असा निकाल देऊन कुटुंबासह पुढे निघून गेले. ते गेले आणि दगड फुरफुरला. मग पाण्यातून एक भलेमोठे डोके वर आले, जबडा उघडला, आणि आत वखारीचे दार उघडावे तसे दृश्य दिसले. लहान मुले ओरडली. जबडा मिटला. पुन्हा सहा ठिपके.

आमची कन्या नऊ वर्षांची आहे. ती कठड्याला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, याच्यात घोडा कुठंय?"

मी मराठीचा एम. ए. अठरा वर्षे कॉलेजात व्युत्पत्ती शिकवतो आहे. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो." उत्तर येत नसलेल्या प्रश्नाला शिक्षक हेच उत्तर देतात, हे तिला आता ठाऊक झाले आहे. सौभाग्यवतींना तर लग्नापासूनच ठाऊक आहे.

रात्री जेवणे झाल्यावर मी पुस्तके काढली आणि वर्ग भरवला.

प्रथम घरचा माल. मराठीत पाण्यातल्या प्राण्यांची नावे ठेवण्याची एक सोपी युक्ती आहे. पाणी हा शब्द समासात शिरताना आपली दीर्घ ई काठावर काढून ठेवतो आणि मग 'पाण' होऊन आत उतरतो. पाणवठा, पाणलोट, पाणपोई. हा 'पाण' एकदा हाताशी आला, की अंगणातला कोणताही प्राणी उचलावा आणि पाण्यात टाकावा. नवा प्राणी तयार! पाणकोंबडी, पाणकावळा, पाणमांजर, पाणघोडा. यांपैकी पाणमांजर मांजराच्या कुळातले नाही. पाणकावळा कावळ्याचा कोणी लागत नाही. पाणकोंबडीचे नाते कोंबडीपेक्षा सारसाशी जवळचे आहे. आणि पाणघोडा घोडा नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीलाही कठड्यावरून दिसते. सांगायचे एवढेच, की अनोळखी जीव दिसला की आपण त्याला घरातल्या ओळखीच्या जिवाचे नाव देतो आणि पुढे फक्त पत्ता लिहितो, मुक्काम पाणी.

पण पाणघोड्याच्या बाबतीत दोष एकट्या मराठीचा नाही. इंग्रजांचा 'हिप्पोपोटॅमस' तरी काय आहे? ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'पोटॅमोस' म्हणजे नदी. हा हिप्पोस आणि आपला संस्कृत अश्व हे एकाच जुन्या घरातले भाऊ आहेत. फिलिप या नावातही तो आहे; फिलिप म्हणजे घोड्यांचा शौकीन. आणि पोटॅमोस आपल्याला शाळेतल्या इतिहासात भेटलेला आहे. मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्यांमधला प्रदेश. तेव्हा हिप्पोपोटॅमस हा शब्द जशाचा तसा, त्याच क्रमाने मराठीत उतरवला तर काय होईल? घोडनदी! पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या लोकांनी आपण रोज ग्रीक बोलतो याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

बारसे म्हटले की आत्या हवी. पाणघोड्याच्या बारशाला आत्या होऊन बसला तो हिरोडोटस. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार इजिप्तचे वर्णन करताना या 'नदीच्या घोड्या'विषयी सांगतो, की त्याचे खूर बैलासारखे दुभंगलेले असतात, नाक चपटे असते, आणि आयाळ, शेपूट व आवाज घोड्याचा असतो. आकाराने तो मोठ्यात मोठ्या बैलाएवढा असतो आणि त्याचे कातडे इतके जाड, की वाळवून त्याचे भाल्याचे दांडे करतात. आता पाणघोड्याला आयाळ मुळीच नसते. शेपूट असते ती आखूड आणि चपटी. खूर दुभंगलेले नसतात, प्रत्येक पायाला चार-चार बोटे असतात. म्हणजे आत्याबाईंनी बाळ नीट पाहिलेच नव्हते, असा दाट संशय येतो. कोणीतरी काठावरून पाहिले, फुरफुर ऐकली, दोन कान दिसले, आणि सांगितले, "घोडा असावा." पुढचे अंग पाण्याखाली होते. पाण्याखालचे कोण पाहतो?

ही चूक मग देशोदेशी गेली. जर्मनांनी त्याला 'नाईलचा घोडा' म्हटले. अरबांनी 'फरस-अन्-नहर' म्हटले, म्हणजे पुन्हा नदीचा घोडाच. इराणात तो 'अस्ब-ए-आबी' झाला, चिन्यांनी 'नदी' आणि 'घोडा' अशी दोन अक्षरे शेजारी मांडली, आणि हिंदी-उर्दूत दरियाई घोडा धावू लागला. आपला पाणघोडाही, मला वाटते, याच ग्रीक नावाला मराठी सदरा चढवून आलेला आहे.

काही लोकांनी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे ठरवले आणि त्यांना त्यांचे त्यांचे जनावर दिसले. बंगाल्यांनी त्याला 'जलहस्ती' म्हटले. तमिळांनी 'नीर्यानै' म्हटले, म्हणजे पाण्यातला हत्ती. दक्षिण आफ्रिकेत वस्ती करून राहिलेले डच लोक गुरेढोरे पाळणारे. त्यांना त्याच्यात गाय दिसली. आफ्रिकान्स भाषेत तो 'समुद्रगाय' आहे. रशियनांनी बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातला गवत खाणारा, वेतांत आणि दलदलीत पहुडणारा महाकाय 'बेहेमोथ' उचलला आणि त्याचा 'बेगेमोत' केला. ज्याच्या दावणीला जे, ते त्याने पाण्यात पाहिले.

इथपर्यंत आल्यावर कन्येने अगदी वर्मी प्रश्न विचारला. "पण बाबा, तो जिथं राहतो तिथली माणसं त्याला काय म्हणतात?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण याचे उत्तर माझ्याकडे होते. जी माणसे पिढ्यान्पिढ्या त्याच्या शेजारी राहिली, त्यांनी त्याला घोडा म्हटले नाही, हत्ती म्हटले नाही आणि गायही म्हटले नाही. बोट्स्वानातली त्स्वाना भाषा त्याला 'कुबू' म्हणते. झुलू भाषेत तो 'इम्वुबू' आहे. मालीतल्या बम्बारा भाषेत तो 'माली'च आहे. स्वाहिलीत तो 'किबोको' आहे, आणि त्याच्या कातड्याच्या चाबकालाही किबोकोच म्हणतात. आपण वाघाला जसे वाघ म्हणतो, 'रानातले मोठे मांजर' म्हणत नाही, तसेच हे. रोज ज्याच्याशी गाठ पडते त्याला त्याचे स्वतःचे नाव मिळते. उसने नाव मिळते ते लांबून पाहिलेल्याला.

प्राचीन इजिप्तचे पाहा. तिथे घोडा आला तोच मुळी इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या सुमारास. पाणघोडा त्याच्या कितीतरी आधीपासून नाईलमध्ये डुंबत होता. ज्यांनी घोडा पाहिलाच नव्हता ते त्याला घोडा कसे म्हणणार? त्यांच्या लेखी तो शेते तुडवणारा, होड्या उलथणारा शत्रू होता. आणि तोच बाळंतिणींचे रक्षण करणाऱ्या तावेरेत देवीचे रूपही होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निळ्या झिलईचा एक चिमुकला पाणघोडा आहे. इसवी सनापूर्वी विसाव्या-एकोणिसाव्या शतकातल्या एका थडग्यात तो सापडला. त्याच्या अंगावर नाईलमधली कमळे रंगवलेली आहेत, आणि त्याचे पाय मुद्दाम मोडून ठेवलेले होते. परलोकात तो मेलेल्या धन्याच्या अंगावर धावून येऊ नये म्हणून! अंगावर कमळे काढायची आणि पाय मोडायचे. प्रेम आणि भीती दोन्ही एकाच मूर्तीत. शेजाऱ्याला ओळखणे म्हणतात ते हे.

मग मी शास्त्राकडे वळलो. दिवसभर पाण्यात राहणारा हा प्राणी रात्री काठावर चढतो आणि चाळीसेक किलो गवत खातो. त्याच्या कातडीतून एक द्रव पाझरतो. तो आधी रंगहीन असतो, मग तांबडा होतो. जुन्या लोकांना वाटे, याला रक्ताचा घाम येतो. २००४ साली जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली रंगद्रव्ये वेगळी काढली. रक्ताचा त्यांच्याशी संबंध नाही. उन्हापासून आणि रोगजंतूंपासून कातडी राखणारे ते मलम आहे. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट अशी, की आयुष्य पाण्यात काढणाऱ्या या प्राण्याला पोहता येत नाही. पोहता येत नाही म्हणजे माशासारखे तरंगत जाता येत नाही. तो तळाला पाय टेकवतो आणि चालतो. पाचेक मिनिटे श्वास धरतो, वर येतो, पुन्हा खाली जाऊन चालू लागतो.

तो कोणाच्या कुळातला, हा वादही फार दिवस चालला होता. घोड्याचा तर नव्हेच. पूर्वीचे प्राणिशास्त्रज्ञ त्याला डुकरांच्या पंक्तीला बसवत. पण १९९०च्या दशकात आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊ लागली आणि निकाल असा लागला, की आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे देवमासा! दोघांचा पूर्वज पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी एकच होता. आता हा देवमासा, वाचकांना ठाऊकच आहे, मासा नाही. म्हणजे एक चुलत भाऊ माशांच्या घरी दत्तक गेला, दुसरा घोड्यांच्या, आणि नावांवरून दोघांची गाठ पडणे अशक्यच झाले. मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात. इतकी अस्सल घोडचूक दुसरी सापडायची नाही.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पाणघोडे एके काळी आपल्याकडेही होते. १८३०च्या दशकात फाल्कनर आणि गंगेचा कालवा बांधणारा कॉटली यांना शिवालिकच्या टेकड्यांत त्यांची हाडे दगड होऊन पडलेली सापडली. नर्मदेच्या खोऱ्यातही ती सापडतात, आणि तिथल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी नर्मदेवरूनच 'नमाडिकस' असे नाव दिले आहे. हिमयुगाच्या अखेरीपर्यंत ते या देशातल्या नद्यांत होते, आणि काठांवर माणसेही होती. त्या माणसांनी त्यांना काही नाव दिले असेलच की! ते घोडा नसणार. त्यांनी घोडा पाळलेलाच नव्हता. ते त्याचे खरे, स्वतःचे, शेजाऱ्याने दिलेले नाव असणार. प्राणी गेला आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर गेले. पुढे हजारो वर्षांनी तो परत आला तो पिंजऱ्यातून, दुसऱ्याचे नाव लावून.

मी थांबलो. व्याख्यान चांगले झाले, असे मला वाटले. कन्या पलंगावर पालथी पडून पाय हलवत होती. ती सहज म्हणाली, "आमच्या वर्गात पण एक पाणघोडा आहे."

"म्हणजे?"

"एक मुलगी आहे. जाडी आहे ना खूप. तिला सगळे पाणघोडा म्हणतात."

"कोणी ठेवलं तिचं नाव?"

पाय हलायचे थांबले. उत्तर आले नाही. ते कोणाचे काम आहे, हे न सांगताच कळले.

सौभाग्यवती कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या घडीवरून नजर न काढता म्हणाल्या, "नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा तर फरक!" माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनात मला हे वाक्य सुचलेले नाही. पण त्या क्षणी मला त्याचे कौतुक करायचेही सुचले नाही, कारण ते वाक्य मुलीला उद्देशून असले तरी लागले मला होते.

वाचकहो, आता जे सांगतो ते या सदरात बसत नाही. तरी सांगतो.

मी एका तालुक्याच्या गावी शिकलो. आठवीत असताना आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. वडिलांची बदली झाली होती. मुलगा अंगाने थोराड, चालायला हळू, बोलायला त्याहून हळू. मी त्या काळी काटकुळा होतो. खेळात मला कोणी घेत नसे. कोट्या करून मी वर्गातली जागा राखून होतो. एके दिवशी भूगोलाच्या तासाला मास्तरांनी आफ्रिकेतल्या प्राण्यांचा रंगीत तक्ता फळ्यावर टांगला आणि छडी ठेवून विचारले, "हा कोण?" त्याच वेळी तो मुलगा उशिरा आल्यामुळे दारात उभा होता. मी शेजाऱ्याच्या कानात म्हणायचे ते जरा मोठ्याने म्हणालो, "पाणघोडा, आणि वेळेवर आला!"

वर्ग फुटला. मास्तरही हसले. ते हसले नसते तर कदाचित ते नाव त्या तासालाच मेले असते. मास्तरांच्या हसण्याने त्यावर शिक्का बसला.

तीन वर्षे ते नाव चालले. कबड्डीत चालले, सहलीत चालले, फळ्याच्या कोपऱ्यात खडूने चालले. एकदा दुपारच्या सुट्टीत त्याची आई डबा घेऊन फाटकाशी आली. पाचवीतल्या एका पोराने तिला निरागसपणे सांगितले, "काकू, पाणघोडा वर्गात आहे, बोलावू?" मी तिथेच उभा होतो. त्या बाईंनी डब्याचे फडके उगाच पुन्हा घट्ट बांधले आणि म्हणाल्या, "हो बाळ. सांग त्याला, आईनं डबा आणलाय." दुसरे काही नाही.

आमच्या गावाला नदी होती. उन्हाळ्यात सगळी मुले घाटावरून उड्या मारीत. तोही येई, पण सदरा काढीत नसे, पाण्यात उतरत नसे. पायरीवर बसून आमचे कपडे राखी. कपडे राखायला बिनपैशाचा माणूस मिळाला, एवढेच मला तेव्हा वाटले. ज्याला आपण पाणघोडा म्हणतो त्याने आपल्यादेखत पाण्यात का उतरावे, हा विचार मनात यायला मला पुढे वीस वर्षे लागली.

शाळा सोडल्याला २५ वर्षे झाली तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी जमलो होतो. तोही आला. आता बँकेत अधिकारी आहे. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. तो मांडवात शिरतो न शिरतो तोच कोणीतरी प्रेमाने, हो, अगदी प्रेमानेच, ओरडले, "अरे, पाणघोडा आला!" सगळे हसले. मुलीने वर पाहून विचारले, "बाबा, ते तुम्हांला पाणघोडा का म्हणतात?"

मी चार पावलांवर होतो. मांडवात व्युत्पत्तीचा जाणकार मी एकटाच, आणि या शब्दाची व्युत्पत्ती तर माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी चहाच्या कपात पाहू लागलो.

त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले, "लहानपणी मी फार पोहायचो ना, म्हणून."

विद्वान लोक अशा व्युत्पत्तीला लौकिक व्युत्पत्ती म्हणतात. म्हणजे खोटी, पण लोकांना पटणारी. परीक्षेत कोणी ती लिहिली तर मी गुण कापतो. पण त्या एका खोट्या व्युत्पत्तीने त्याने आपल्या मुलीला सांभाळले, आणि मांडवातल्या आम्हां सगळ्यांना तिच्या नजरेत माणसात ठेवले. मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी आलो.

हे सगळे मी त्या रात्री कन्येला सांगितले. बापाची घोडचूक ती फार लक्ष देऊन ऐकते. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही त्या काकांना सॉरी म्हणालात?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर कोणत्याही कोशात नव्हते. ती झोपल्यावर मी त्याला फोन लावला. इकडचे तिकडचे झाले. मग मी म्हणालो, "एक सांगायचं होतं. ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे की."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझा आवाज तेव्हा नुकता फुटला होता. वर्गात तसा आवाज एकच होता."

मी माफी मागितली. पंचेचाळिशीच्या माणसाला फोनवर माफी मागणे किती अवघड असते ते मी सांगत नाही. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं झालं बोललास. पण एक कर. माझ्या मुलीला खरं कधी सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"त्याचं असं झालंय, की त्या दिवसापासून तिनं पोहायचा ध्यास घेतलाय. बाबा पोहायचे, मग मला यायलाच पाहिजे म्हणते. तलावावर नाव घातलं. आता चांगली पोहते. आणि गेल्या महिन्यापासून म्हणते, बाबा, तुम्ही पण उतरा."

"मग?"

"मग काय, उतरतो. दर रविवारी. छातीइतक्या पाण्यात. तळाला पाय टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. तिला सांगितलंय, सवय मोडली आहे, हळूहळू येईल."

मी त्याला सांगितले, की खरा पाणघोडाही नेमके एवढेच करतो. त्यालाही पोहता येत नाही.

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो इतका मोठ्याने हसला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हणजे," तो म्हणाला, "एवढं मात्र तू बरोबर सांगितलं होतंस म्हणायचं!"

हे सगळे मी त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याने एकच अट घातली, की नाव, गाव आणि शाळा गाळायची. खरी व्युत्पत्ती दडवून ठेवायचे वचन मी आयुष्यात पहिल्यांदाच दिले आहे आणि ते पाळणार आहे.

सोमवारी सकाळी कन्येने डब्यात दोन लाडू जास्तीचे मागून घेतले. कोणासाठी, ते आम्ही दोघांनीही विचारले नाही. संध्याकाळी डबा रिकामा परत आला. मी पुस्तकातून मान वर न करता विचारले, "त्या मुलीचं नाव काय गं?"

तिने सांगितले. चांगले दोन अक्षरी नाव होते. कोणत्याही प्राण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.